डोळ्यांतला उजेड कुठला?

गेल्या उन्हाळ्यात वाशीतल्या माझ्या घरी एक व्यक्तिचित्र अभिप्रायासाठी आले. ते कागदावर नव्हते, लॅपटॉपच्या पडद्यावर होते. चित्रकलेच्या तासाला माझ्यासमोर बसलेला एक विद्यार्थी पुढे ॲनिमेशन शिकला. त्याने आपल्या दिवंगत आजीचा चेहरा संगणकावर त्रिमित रूपात घडवला होता. आजीचे एकच धड छायाचित्र घरात शिल्लक होते, तेही ओळखपत्रासाठी काढलेले: मागे पांढरी भिंत, समोरून पडलेला फ्लॅश, ताठ मान. त्यावरून पोराने चार महिने खपून चेहरा उभा केला. सुरकुत्यांची जाळी, हनुवटीवरचे गोंदण, कानाची ओघळलेली पाळी, सगळे जागच्या जागी होते. मग त्याच्या आईने ते पाहिले. सासूच्या जोडीने तिने कितीतरी वर्षे खव्याच्या भट्टीवर काढलेली. पडद्याकडे पुष्कळ वेळ पाहून ती म्हणाली, "दिसायला आत्याबाईच हायेत, पण बघंनात कुणाकडं."

हा लेख त्या वाक्याचा विचार करण्यासाठी लिहिला आहे. संगणकावर घडवलेल्या चेहऱ्यांची समीक्षा करताना 'निर्जीव डोळे' हा शब्दप्रयोग आता जगभर सर्रास वापरला जातो. या बाईने डोळ्यांना निर्जीव म्हटले नाही. ते बघत नाहीत, असे म्हटले. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. डोळा निर्जीव आहे असे ठरवले की कलावंत त्यात काहीतरी घालायला निघतो: जास्त चमक, जास्त ओल, बुबुळात जास्त रेषा. डोळा बघत नाही असे म्हटले की प्रश्न बदलतो. त्याच्यासमोर काय आहे? तिथे उजेड कुठून येतो? माझे म्हणणे असे की संगणकीय व्यक्तिचित्रातला डोळ्यांचा दोष बहुतेक वेळा डोळ्याच्या बाहेर असतो, आणि तो दुरुस्त करायचा तर आधी त्या माणसाला उभे राहायला एक जागा द्यावी लागते.

१

पहिल्या चित्रात नेमके काय होते ते आधी सांगितले पाहिजे. त्रिमित चित्रात कलावंत चेहऱ्याचा आकार घडवतो, कातडीचे गुणधर्म ठरवतो, दिवे मांडतो. त्यानंतर प्रकाशकिरण कुठे आपटून कुठे जातील याचा हिशोब संगणक करतो आणि अंतिम प्रतिमा तयार होते. या प्रतिमेला रेंडर म्हणतात. या हिशोबाचे मूळ समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडले. आज ते समीकरण सोडवणारी साधने वाशीसारख्या तालुक्याच्या गावातही पोचली आहेत. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ पासून सर्वांना मोकळे आहे, आणि डिसेंबर २०११ पासून त्यात सायकल्स नावाचे किरणांचा हिशोब करणारे यंत्रही आहे. पैसे लागत नाहीत. धीर आणि वीज लागते.

साधन मोफत मिळाले तसा उजेडही मोफत मिळाला. पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये एक पद्धत मांडली: खऱ्या जागेच्या चहूबाजूंच्या प्रकाशाचे, अगदी गडदापासून अगदी उजळापर्यंत मोजमाप धरणारे छायाचित्र घ्यायचे आणि त्याच छायाचित्राने कृत्रिम वस्तू उजळायची. अशा छायाचित्रांना एचडीआरआय म्हणतात. पॉली हेवन या संस्थळावर ती शेकड्यांनी आणि विनाअट मिळतात. त्याचा आरंभ ग्रेग झाल या दक्षिण आफ्रिकी कलावंताने केला. जगभरातल्या हौशी कलावंतांवर या माणसाचे उपकार आहेत. माझ्या विद्यार्थ्यानेही तिथलीच एक वाट धरली होती. त्याने एका छायाचित्र-स्टुडिओचा उजेड उतरवून घेतला आणि आजीला त्यात बसवले.

मी चित्र मोठे करून डाव्या बुबुळावर नेले. तिथे दोन पांढरे चौकोन होते. स्टुडिओत दिव्यांपुढे पांढऱ्या कापडाच्या पेट्या लावतात, त्यांची ती प्रतिबिंबे. ज्या बाईचा सगळा जन्म भूम-वाशीच्या बालाघाटात गेला, तिच्या डोळ्यांत कुठल्या तरी परक्या स्टुडिओतल्या दोन पेट्या उभ्या होत्या. ती कुणाकडे बघत नव्हती हे खरेच होते. तिच्यासमोर तिच्या ओळखीचे काही नव्हते.

२

डोळा हा चेहऱ्यावरचा आरसा आहे, हे वाक्य काव्य म्हणून घेऊ नये. दिवाळीत आमच्या तालुक्याला ते शिकवावे लागत नाही. फटाक्यांसाठी नावाजलेले तेरखेडा वाशी तालुक्यातच आहे. भुईनळा उडत असताना तो न पाहता शेजारच्या पोराच्या डोळ्यांत पाहावे. नळा उंच उठला की नाही, फुलबाजी डाव्या हातात आहे की उजव्या, हे तिथे कळते. डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पटल आणि त्यावरचा अश्रूंचा थर समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा दोन-अडीच भागच परत फेकतात. कातडीचा वरचा थरही जवळजवळ तेवढाच फेकतो. पण कातडी खडबडीत असल्यामुळे तिच्यावर तो प्रकाश फाटून पसरतो, आणि डोळा ओला व गुळगुळीत असल्यामुळे त्याच्यावर तो समोरच्या जागेचे लहानसे चित्र होऊन राहतो. व्यक्तिचित्रकार ज्याला 'डोळ्यातला ठिपका' म्हणतात तो ठिपका म्हणजे एक खिडकी, एक दार किंवा एक दिवा असतो.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. शेंदूर लावलेल्या आपल्याकडच्या अनेक देवांना चांदीचे डोळे बसवतात. दिवसाच्या सपाट उजेडात ते पत्र्याचे दिसतात. काळोख्या गाभाऱ्यात समई लावली आणि ज्योत हलली की तेच डोळे हलतात. देव आपल्याकडे बघतो असे जे वाटते त्यात श्रद्धेइतकाच वाटा समईचा आहे. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी आणि सगळ्यांत सराईत हाताने होते, हेही आपण जाणतो. तिथे उजेडाचा ठिपका रंगानेच काढून ठेवतात, कारण मूर्ती कोणाच्या घरी, कोणत्या मखरात, कोणत्या दिव्याखाली बसेल हे आखणाऱ्याला माहीत नसते. तो ठिपका सर्व घरांसाठी काढलेला असतो. देवाच्या बाबतीत हे योग्यच आहे, कारण देवाने सर्वांकडे बघायचे असते.

माणसाच्या चित्रात हीच युक्ती वापरली की गडबड होते. दिवाळी अंकाच्या वाचकाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागणार नाही. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवर दोन पिढ्यांची नजर घडली. मुळगावकरांच्या देवता आणि नायिका मला आजही आवडतात. त्या चेहऱ्यांवरचा मऊ उजेड चहूकडून येतो, सावली जवळजवळ नसतेच, आणि टपोऱ्या डोळ्यांत ओली चमक असते. देवघरातल्या कॅलेंडरला तो उजेड शोभतो. पुढे मात्र तोच उजेड, मुळगावकरांचे कसब मागे ठेवून, लग्नाच्या अल्बमात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फलकावर आला. वाशीच्या बसस्थानकासमोर कधीही उभे राहावे: पुढारी, वरातीतला नवरदेव आणि गेलेला म्हातारा, तिघांवर एकच उजेड पडलेला असतो. विद्यार्थ्याने परदेशी स्टुडिओ उतरवून घेतला हे खरे, पण त्याच्या मनातला नमुना इथलाच होता. आजीचा मान राखायचा म्हणजे तिला भरपूर उजेड द्यायचा, हे त्याने फलकांवरून शिकले होते.

या मानाच्या कल्पनेत रंगाचा प्रश्नही लपलेला आहे. आजी काळीसावळी होती. चित्रातली आजी गव्हाळ झाली होती. त्याने मुद्दाम गोरी केली नव्हती. अंधार वाटला तिथे दिवा वाढवला, एवढेच. छायाचित्रणाच्या इतिहासात हे पूर्वी घडले आहे. कोडॅकच्या छपाईत रंग जुळवण्यासाठी जी नमुनापत्रे असत, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे, आणि ती 'शर्ली कार्ड' म्हणूनच ओळखली जात. आपल्याकडच्या स्टुडिओत 'जरा उजळ करा' हे वाक्य फोटो काढण्याआधीच बोलले जाई. सावळी कातडी मुळात उजेडाची भुकेली नसते. तिचा आकार सावल्यांपेक्षा तिच्यावरच्या चकाकीतून जास्त कळतो: गालाचे हाड, नाकाचा शेंडा, कपाळावरचा घाम. चहूकडून पांढरा उजेड टाकला की ती चकाकी पसरून राखाडी होते, चेहरा पिठूळ दिसतो, आणि मग तो पिठूळपणा घालवायला माणूस आणखी एक दिवा लावतो.

३

उलट दिशेचे उदाहरण म्हणून मला सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे चित्र आठवते. सावंतवाडीत जन्मलेल्या या चित्रकाराने (१८८२–१९६८) १९४५-४६ च्या सुमारास दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे जलरंगचित्र केले, ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहात आहे. चित्रासाठी उभी राहिलेली त्यांची कन्या गीता, पुढे गीता उपळेकर, शंभरी ओलांडून २०१८ मध्ये निवर्तल्या. ते चित्र सुचले तेही दिवाळीतच, मुलीच्या हातात दिवा पाहून.

या चित्रात उजेडाचे उगमस्थान एकच आहे आणि ते त्या स्त्रीच्या स्वतःच्या हातात आहे. दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे. त्या हाताच्या बोटांतून उजेड लालसर होऊन झिरपतो. चेहरा खालून उजळतो आणि बाकीची बाई अंधारात मावळत जाते. बोटांतून झिरपणाऱ्या त्या उजेडाचे गणित संगणकाला खूप उशिरा जमले. प्रकाश कातडीच्या आत शिरतो, विखुरतो आणि थोड्या अंतरावर बाहेर पडतो, याचे वापरता येईल असे प्रारूप हेन्रिक वान येन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहान यांनी २००१ मध्ये मांडले. तोपर्यंत संगणकाने घडवलेली माणसे प्लॅस्टिकची दिसत. आज तो गुणधर्म एका कळीवर मिळतो, आणि म्हणूनच त्याचा अतिरेक होतो. माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चित्रात आजीचे कान मेणबत्तीसारखे पारदर्शक झाले होते, मागे दिवा नसताना. हळदणकरांची बोटे लाल दिसतात, कारण त्यांच्यामागे ज्योत आहे. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच चौकटीत आहेत. पाहणाऱ्याला शरीरशास्त्र ठाऊक नसते, पण उजेडाने दिलेली ही साक्ष जुळते की नाही हे त्याला क्षणात कळते.

इथे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांच्या १९७० मधल्या प्रसिद्ध मांडणीचा विचार करावा लागतो. कृत्रिम आकृती माणसासारखी होत गेली की आपली आपुलकी वाढते, पण अगदी जवळ पोचल्यावर ती एकदम कोसळते आणि किळस किंवा भीती वाटते, असे ते म्हणाले. २००४ च्या 'द पोलर एक्स्प्रेस'पासून या मांडणीचा हवाला देण्याची रीत पडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष'ची झलक आली, तिच्या संगणकीय दृश्यांवर टीकेची झोड उठली आणि प्रदर्शन जानेवारीवरून १६ जून २०२३ वर गेले, तेव्हाही हेच शब्द ऐकू आले. मला ही मांडणी चुकीची वाटत नाही, पण समीक्षेला ती आळशी बनवते. 'माणसाच्या फार जवळ गेल्यामुळे बिघडले' असे म्हटले की काय बिघडले ते शोधण्याची गरज उरत नाही. विद्यार्थ्याच्या आईला किळस आली नव्हती, भीती वाटली नव्हती. ओळखीच्या माणसाने आपल्याकडे पाहिले नाही की जे वाटते ते तिला वाटले होते. दोष तिने दरीत ढकलला नाही, त्याच्यावर बोट ठेवले.

४

मग आम्ही चित्र पुन्हा करायला घेतले. मी 'आम्ही' म्हणतो, पण हात त्याचे होते. माझे फक्त प्रश्न. पहिला प्रश्न: ही बाई आत्ता कुठे आहे? त्याने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "भट्टीपाशी. अजून कुठं असणार?"

या भागात खवा हा जोडधंदा नाही, कित्येक घरांचे जगणे आहे. दूध आटून गोळा होईपर्यंत कढईपासून हलता येत नाही. हात थांबला की तळाला लागते. म्हणून ही जागा निवडली. सगळे दिवे आणि तो परका स्टुडिओ काढून टाकला. अंधारात पहिला दिवा आगीचा लावला, तो थेट चेहऱ्याखाली. आजी भुताच्या सिनेमातली दिसू लागली. तिघेही हसलो. पण चूक शिकवणारी होती. कढई भट्टीवर बसलेली असताना जाळ खालून चेहऱ्यावर येईलच कसा? तो कढईने अडतो. बाहेर पडतो तो जळण सारायच्या तोंडातून, बाजूने आणि बुटका. म्हणून केशरी उजेड जबड्याच्या एका कडेवर, पदराच्या काठावर आणि कोपरावर आला. खरा उजेड दाराचा होता. दारातून येणारा सावलीतला आकाशाचा उजेड निळसर असतो, ७००० केल्विनच्या वर. लाकडाचा जाळ २००० च्या आसपास. या दोहोंमधल्या अंतरामुळेच चेहऱ्याला दोन बाजू आल्या. पांढऱ्या स्टुडिओत दोन बाजू नव्हत्याच.

तिसरा उजेड आम्हांला सुचला नव्हता, तो संगणकाने हिशोबात काढून दिला. कढईत दूध ठेवताच हनुवटीखालची काळी सावली निवळली. दुधाचा पांढरा पृष्ठभाग दाराचा उजेड वर फेकत होता. छायाचित्रकार त्यासाठी पांढरा पुठ्ठा धरतात. आजीने जन्मभर तो पुठ्ठा चुलीवर ठेवला होता.

आता डोळे. पहिल्या चित्रात डोळा म्हणजे एक गुळगुळीत चेंडू होता आणि त्यावर बुबुळ रंगवलेले. खरा डोळा चेंडू नसतो. साधारण २४ मिलिमीटरच्या गोलावर पुढे पारदर्शक पटलाचा दुसरा, लहान त्रिज्येचा फुगवटा असतो आणि बुबुळ त्याच्यामागे खोल बसलेले असते. डिस्नेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये खऱ्या माणसांचे डोळे बारकाईने मोजले, तेव्हा पांढरा भागही नीट गोल नसून उंचसखल असतो आणि माणसागणिक वेगळा असतो हे स्पष्ट झाले. फुगवटा घातल्यावर एक गोष्ट आपोआप घडली, जी जुने व्यक्तिचित्रकार हाताने करत आले: उजेडाचा ठिपका बुबुळाच्या ज्या बाजूला पडतो, तिच्या समोरची बाजू आतून उजळते. पटलातून वळलेले किरण पलीकडच्या कडेवर गोळा होतात. शाळेत मी हे मुलांना नियम म्हणून सांगत आलो. त्याचे कारण मला त्या दिवशी दिसले.

पांढरा भाग पांढरा नसतो, ही दुसरी दुरुस्ती. नवखा कलावंत तो कागदासारखा ठेवतो आणि डोळे चेहऱ्यातून उसळून बाहेर येतात. वरच्या पापणीची आणि केसांची सावली त्याच्यावर सतत पडलेली असते. म्हातारपणी तो पिवळसर होतो, धुराने लाल. तो कपाळापेक्षा गडद झाला तेव्हा कुठे खोबणीत बसला. वरची पापणी बुबुळावर थोडी उतरवली, कारण बुबुळाचे पूर्ण वर्तुळ दिसले की माणूस दचकलेला दिसतो. वृद्धांच्या बुबुळाभोवती जे राखी कडे येते ते घातले. बाहुली लहान केली. अंधारातही म्हाताऱ्या डोळ्याची बाहुली तरुणाइतकी मोठी होत नाही. खालच्या पापणीच्या काठाशी अश्रूंची बारीक रेघ दिली. यातली एकही गोष्ट 'चमक वाढवा' या सल्ल्यात बसत नाही. बहुतेक गोष्टींनी डोळा आधीपेक्षा गडद झाला.

आणि शेवटी नजर. आधीच्या चित्रात दोन्ही डोळे मान जिकडे तिकडे, आरशातल्या जोडीसारखे हुबेहूब सरळ होते. जवळची वस्तू बघताना डोळे आत वळतात. अर्ध्या मीटरवरच्या वस्तूसाठी प्रत्येकी साडेतीन अंशांच्या आसपास. त्यातही एक खोच आहे. माणूस ज्या रेषेने बघतो ती रेषा आणि बाहुलीच्या मधून जाणारी रेषा एक नसते. दोहोंत साधारण पाच अंशांचा फरक असतो. त्यामुळे बाहुल्या नेमक्या वस्तूवर रोखल्या तर चेहरा किंचित तिरळा दिसतो. त्या जराशा बाहेर वळवाव्या लागतात. कढईतल्या दुधावर एक बिंदू धरला, डोळे त्याला बांधले, मग ती सूट दिली. पापण्या खाली आल्या. बुबुळात आता पांढरे चौकोन नव्हते. वर दाराचा उभा निळसर तुकडा होता आणि खाली दुधाची फिकट कोर.

आईने चित्र पाहिले. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "हे दार आपलंच का?" मुलाने होय म्हटले. दाराची मापे त्याने घरूनच घेतली होती.

५

या कामावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच घेतो. ओळखपत्राचा फोटो निदान एका खऱ्या क्षणाचा आहे. भट्टीपाशी बसलेली ही आजी कोणत्याच क्षणाची नाही. तो उजेड, ती नजर, ते दूध आम्ही रचले. ज्याला आम्ही सुधारणा म्हणतो ती गोड शब्दांतली बनावट नव्हे का? आज कोणत्याही मृत माणसाला हसवता-बोलवता येते. या प्रश्नाला सामोरे न जाता 'डोळे जिवंत झाले' असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल.

माझे उत्तर अपुरे आहे, पण ते असे. ओळखपत्राचा फ्लॅश हाही रचलेलाच उजेड होता, आणि तो तिच्यासाठी रचलेला नव्हता. नोंद करणाऱ्यांच्या सोयीसाठी होता. आधीच्या चित्राची कातडी त्याच फोटोवरून घेतल्यामुळे त्या फ्लॅशचे डाग गालाच्या रंगातच मुरले होते आणि ते पुसायला दोन आठवडे गेले. निवड खरा उजेड की खोटा उजेड अशी नव्हतीच. कुणाच्या माहितीवरून रचलेला उजेड, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या चित्रातली प्रत्येक गोष्ट तिच्याबरोबर राहिलेल्या माणसांनी तपासली: दार कोणत्या हाताला, भट्टीचे तोंड कुठे, ती बसायची की उभी राहायची. जे कुणाला आठवत नव्हते ते आम्ही अंधारात ठेवले. हळदणकरांच्या चित्रातला अंधारही मला आता तसा वाटतो. चित्रकाराला जे सांगायचे नाही त्याला तो जागा देतो.

आणि एक मर्यादा आम्ही पाळली. मुलाची इच्छा होती की आजीने शेवटी वर, आपल्याकडे पाहावे. तांत्रिकदृष्ट्या ते सोपे होते. बांधलेला बिंदू दुधावरून उचलून कॅमेऱ्यावर ठेवायचा. मी नको म्हटले. तिने आपल्याकडे पाहिले असते तर ती काय म्हणत आहे, हे आम्ही ठरवले असते. कढईकडे बघताना ती फक्त बघते. आईचे गाऱ्हाणे 'आमच्याकडं बघंनात' असे नव्हते, 'कुणाकडं' बघंनात असे होते, हे मी मुलाला पुन्हा ऐकवले. तो राजी झाला. मनापासून झाला की नाही, ठाऊक नाही.

वर्षश्राद्धाला चित्राचा फ्लेक्स करायचे घरात ठरले. छापणाऱ्याने नेहमीच्या सवयीने ते उजळ करून दिले. त्याचाही दोष म्हणवत नाही. गडद छटा त्या कापडावर गुदमरतात आणि रस्त्यावरून चेहरा दिसला नाही तर गिऱ्हाईक भांडते. मांडवाच्या तोंडाशी आजी पुन्हा गव्हाळ झाली, दाराचा निळा तुकडा पांढरा झाला. नंतर मुलाने एक लहान प्रत, हातभराचीही नाही, चकाकी नसलेल्या कागदावर काढून आणली. ती कुठे लावायची यावर घरात चर्चा झाली. देवघराशेजारी, असे वडिलांचे मत. आईने ती आतल्या खोलीत लावली, अशा भिंतीवर की खोलीच्या दाराचा उजेड तिच्यावर त्याच बाजूने पडतो, ज्या बाजूने चित्रातल्या दाराचा पडतो. हे तिला कुणी सांगितले नव्हते. सकाळी दार उघडले की चित्रात भर पडते, आणि संध्याकाळी लावले की आजी तिच्या भट्टीच्या उजेडापुरती उरते.